आधी मोजा, मग खिशात हात घाला: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांमध्ये ठाणे आणि नवी मुंबईचा भरणा जास्त आहे. बहुतेक पत्रांच्या शेवटी 'काय विकत घेऊ?' असं विचारलेलं आहे आणि बहुतेकांना आमचं उत्तर 'अजून काही नको' असंच आहे.

घोडबंदर रोडवरून एक वाचक विचारतात: माझा लॅपटॉप २०१७चा आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. विंडोज ११ चालणार नाही असा निरोप येतो. दुकानदार म्हणतो भंगारात काढा. कामं तीनच: बँक, ईमेल आणि वडिलांचं मराठी टायपिंग. त्यांच्या जुन्या फायली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर जमेल का?

जमेल, पण फायलींची सोय आधी करावी लागेल. आधी विंडोजचं पाहू. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष मिळण्याची योजना आहे. ती सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून घेता येते, पण तिचीही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. तुमचं यंत्र नापास होतं ते प्रोसेसरमुळे. टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) तुमच्या पिढीत बहुधा असतंच, मात्र मायक्रोसॉफ्टची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. रूफस या पेनड्राइव्हवर प्रणाली लिहिणाऱ्या मोफत प्रोग्रामने अट वगळून विंडोज ११ घुसवता येतं आणि ते चालतंही. पण पुढचं मोठं अपडेट आपोआप येईल याची खात्री नसते. बँकेचं काम ज्यावर करायचं त्या यंत्रावर हा उद्योग आम्ही करणार नाही.

तुमच्या लॅपटॉपची खरी अडचण हार्ड डिस्क आहे. ४८० किंवा ५१२ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घ्या आणि सोबत एक यूएसबी केसिंग, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायची डबी. जुनी डिस्क काढून केसिंगमध्ये ठेवा, नवीवर लिनक्सचा मिंट हा प्रकार घाला. यात दुहेरी फायदा आहे. जुनी डिस्क जशीच्या तशी बॅकअप म्हणून राहते, आणि मिंट पसंत पडलं नाही तर ती परत बसवली की विंडोज जागच्या जागी. उघडताना दोन गोष्टी अडवतात. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात, आणि डिस्कची धातूची पट्टी जुन्या डिस्कवरून काढून नव्यावर चढवावी लागते. ती विसरली की एसएसडी आत हलते. बॅटरीची पिन आधी सोडवा. विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर केसिंगमधून ती उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, तेव्हा डिस्क काढण्याआधीच ती की कागदावर उतरवून ठेवा.

मिंटची २२ ही मालिका २०२९पर्यंत अपडेट घेणार आहे. त्यातली सिनॅमन आवृत्ती घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती रूफसने लिहा, ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एचपी असेल तर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. अर्धा तास नुसतं वापरून पाहा: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का. पेनड्राइव्हवरून सगळं हळूच चालतं, त्यावरून वेगाचा निकाल लावू नका. वाय-फाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. फोन यूएसबीने जोडून नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून तिचा ड्रायव्हर घ्या.

आता वडिलांचं टायपिंग. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट हा प्रमाण लेआउट मिळतो, आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी कगप हा पर्यायही तिथेच आहे. अडेल ते फायलींपाशी. श्रीलिपीच्या जुन्या फायलींत देवनागरी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसला की पानभर चिन्हांचा पसारा दिसतो. म्हणून विंडोज चालू आहे तोवरच फायली युनिकोडमध्ये (कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा संकेतांत) बदलून घ्या. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. शिवाय प्रत्येक फायलीची एक पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे मूळ मजकूर काय होता याचा पुरावा राहतो.

एक इशारा. घरात कोणी टॅली वापरत असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून रिटर्न भरत असेल, तर त्या माणसाला विंडोजच लागेल. त्याला मिंटकडे ओढू नका, मार्च महिन्यात शिव्या खाव्या लागतील.

खारघरहून एक वाचक: सोसायटीने गेटचं ॲप सक्तीचं केलं आहे. ते लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक, फोटो सगळंच मागतं. शिवाय भाडेकरूंच्या आधारची झेरॉक्स ऑफिसात ठेवतात. बोललं तर वाईटपणा येतो.

ॲपशी भांडायला वाईटपणा घ्यावा लागत नाही, ते काम सेटिंग्जमध्ये गुपचूप होतं. गेटच्या ॲपला खरी गरज असते ती नोटिफिकेशनची. ती द्या, आणि बॅटरीच्या पर्यायांत त्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. नाहीतर फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो, आणि पाहुणा खाली ताटकळून गेल्यावर तुमचा फोन वाजतो. इंटरकॉमचा कॉल ॲपवरून येत असेल तरच माइक. फोटो मागितले तर 'निवडलेले फोटो' हा पर्याय घ्या, अँड्रॉइड १४पासून तो मिळतो. लोकेशन नाकारा. तुमच्या घराचा पत्ता सोसायटीला ठाऊकच आहे. फारच अडलं तर 'वापरताना फक्त', आणि 'अचूक लोकेशन' बंद.

कॉन्टॅक्ट मात्र कधीच नाही. त्या यादीत तुमचे डॉक्टर, मुलांच्या शिक्षिका, कामवाल्या मावशी असतात, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. पाहुण्याचा नंबर हाताने टाकायला दहा सेकंदं लागतात.

आधारच्या झेरॉक्सचा प्रश्न जास्त गंभीर आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ई-आधार उतरवताना 'मास्क्ड'वर खूण करता येते. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. तुम्हाला ओळखणारा कोणीही तो ओळखू शकतो, त्यामुळे फाइल व्हॉट्सॲपवर न पाठवता कागदच द्या, आणि त्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला, तारीख. यूआयडीएआयच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवा, हवे तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येतात. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं हे घरमालकाचं काम. त्यासाठी सोसायटीच्या कपाटात वर्षानुवर्षं प्रती साठवायचं कारण आम्हाला दिसत नाही.

सर्वसाधारण सभेत भांडण न करता तीन प्रश्न लेखी द्या: गेटची नोंद किती दिवस ठेवता, ॲपवाल्या कंपनीशी करारात माहिती पुसण्याचं कलम आहे का, आणि स्मार्टफोन नसलेल्या आजीसाठी पर्याय काय. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. समितीला तयारी करायची वेळ हीच आहे.

नौपाड्यातून, घाईत लिहिलेलं पत्र: वडिलांना व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके (फोनवर ॲप बसवणारी) फाइल आली, त्यांनी उघडून इन्स्टॉल केली. आता काय?

फोन लगेच विमान मोडवर, वाय-फायसुद्धा बंद आहे ना ते बघून. अशी ॲप्स एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि ओटीपी पुढे पाठवतात. नेट आणि सिग्नल तुटला की ती वाट बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३०वर तक्रार. हे पहिल्या तासात झालं तर रक्कम पुढच्या खात्यांत अडवली जाण्याची शक्यता बरी असते, तेव्हा 'उद्या बँकेत जाऊन बघू' नको.

मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन्ही ठिकाणी त्या ॲपचा हक्क आधी काढा. तो काढला नाही तर अनइन्स्टॉलचं बटण दबतच नाही, आणि लोक इथेच हात टेकतात. आयकॉन लपलेला असतो, म्हणून ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा. फोटो केबलने संगणकावर काढून फोन फॅक्टरी रीसेट करा. आमच्या मते एवढं झाल्यावर रीसेटला पर्याय नाही. सिग्नल परत आल्यावर ##००२# डायल करा, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं असेल तर सगळं रद्द होतं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी नाव दिसलं तर काढा आणि सहा अंकी पिन लावा. चलन आहे की नाही हे बघायचं तर गाडीचा नंबर सरकारी ई-चलन संकेतस्थळावर स्वतः टाकायचा. चलन एपीकेमधून येत नाही.

कोपरखैरण्याहून: २०० एमबीपीएसचं फायबर आहे. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये दुपारी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, मिलिसेकंदांत) १२ असतो, रात्री नऊनंतर १५०-२००वर उड्या मारतो. गेमिंग राउटर घेऊ की ३००चा प्लॅन?

दोन्ही नको. अशा गेमला सेकंदाला काहीशे किलोबिट पुरतात, २००चे ३०० केल्याने काही होणार नाही. सर्व्हर मुंबईतच आहे, त्यामुळे १२ हा आकडा बरोबर आहे. रात्रीचे १५० कुठे वाढतात ते शोधायचं.

कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत 'पिंग' लिहून राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि शेवटी '-टी'. दुसरीत तसंच, पण पत्ता १.१.१.१, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरचा. हे शब्द अर्थात इंग्रजीत टाइप करायचे. दोन्ही चालू ठेवून दहा मिनिटं खेळा.

राउटरचाच आकडा उसळत असेल तर दोष वाय-फायचा. तुमच्याकडे इमारतींना इमारती चिकटलेल्या आहेत, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. रात्री सगळी बिऱ्हाडं घरी असतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, राउटर टीव्हीच्या मागून आणि चपलांच्या कपाटातून बाहेर काढा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे कॅट-सिक्स केबल. शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल वाकवली की आत तुटते.

राउटरचा आकडा १ ते ३ राहतो आणि बाहेरचाच चढतो, तर घरातून कोणी अपलोड करतंय का ते बघा. रात्री फोन चार्जिंगला लागले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, जिन्यातला कॅमेरा चोवीस तास क्लाउडवर चित्रं पाठवत असतो. अपलोडची वाट भरली की तुमच्या गेमची छोटी पाकिटं राउटरमधल्या रांगेत अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात आणि तो प्लॅन मोठा केल्याने जातोच असं नाही. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग सांभाळणारी सोय) असेल तर ते चालू करून दोन्ही दिशांची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग तुमच्या ताब्यात येते. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय क्वचित असते. तिथे बॅकअपची वेळ पहाटेवर ढकला आणि कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन कमी करा. खरंच राउटर घ्यायचा झाला तर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा घ्या. त्याला किती अँटेना आहेत आणि दिवे कोणत्या रंगाचे आहेत, त्यावर पैसे घालू नका.

घरात सगळं शांत, केबल लावलेली, तरी नऊ ते अकरा आकडा चढतोच, तर भार कंपनीकडे आहे. तीन संध्याकाळींचे पिंग आणि ट्रेसरूट (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा वेळ दाखवणारी कमांड) वेळेसह साठवून तक्रारीला जोडा. ट्रेसरूट वाचताना मधल्याच एखाद्या टप्प्यावर २०० दिसले आणि पुढच्या टप्प्यांवर परत १५, तर ते दुर्लक्षा. ते यंत्र तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आळस करतंय, पाकिटं अडवत नाहीये. चढलेला आकडा शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

जाता जाता: या गेमचा व्हॅनगार्ड हा चीटविरोधी प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात, यंत्र सुरू होतानाच बसतो. लिनक्सवर तो चालत नाही, म्हणून वरच्या घोडबंदरच्या वाचकांच्या मुलाने मिंटवर व्हॅलोरंटची आशा धरू नये. आणि ज्यावर असे ड्रायव्हर आहेत त्याच यंत्रावर फुकटातले मॉड आणि क्रॅक घालायचे, वर नेटबँकिंगही करायचं, हे आम्हाला पटत नाही. विंडोजचं वेगळं खातं काढून उपयोग नाही, गाभ्यातला ड्रायव्हर सगळ्या खात्यांच्या खाली असतो.

माजिवड्याहून सिम रेसिंगचे (खऱ्यासारख्या शर्यतीच्या गेमचे) एक शौकीन: लॉजिटेक जी२९ हा स्टिअरिंग-पॅडलचा संच आहे. पाय ठेवलेला नसतानाही ब्रेक थोडा दाबलेला दिसतो, आणि मित्रांपेक्षा लॅपला दोन सेकंद मागे असतो. डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं स्टिअरिंग) घ्यायची वेळ आली का?

पॅडल साफ करायची वेळ आली. जी२९चे पॅडल पोटेन्शिओमीटरवर (फिरवला की विजेचा रोध बदलणाऱ्या भागावर) चालतात, ठाण्याच्या दमट हवेत त्यात धूळ बसून थर होतो आणि आकडा थरथरतो. विंडोजच्या 'गेम कंट्रोलर्स' खिडकीत ब्रेकची पट्टी बघा, पाय न लावता हलत असेल तर निदान पक्कं. यूएसबी काढा, पॅडलचं खालचं झाकण उघडा, प्रत्येक पॅडलच्या बाजूला छोटा पोटेन्शिओमीटर दिसेल. त्याच्या फटीत इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पॅडल वीस-तीस वेळा पूर्ण दाबा-सोडा, वीस मिनिटं वाळू द्या. गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे वापरू नका. तो मागे तेल ठेवतो, आणि महिन्याभरात त्यावर पहिल्यापेक्षा जास्त धूळ चिकटते. जोडल्यावर तिन्ही पॅडल एकदा तळापर्यंत दाबा, त्याशिवाय त्यांची पूर्ण हद्द यंत्राला कळत नाही.

दोन सेकंदांचं कारण बऱ्याचदा पडद्यावरचा दृश्यकोन असतो. सुंदर दिसतं म्हणून लोक तो रुंद ठेवतात, मग वळणं खरी आहेत त्यापेक्षा लांब भासतात आणि ब्रेकची जागा चुकते. २७ इंची १६:९ पडदा साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३३.६ उंच असतो. डोळ्यांपासून तो ६० सेंटीमीटरवर असेल तर आडवा कोन साधारण ५३ अंश, उभा ३१. असेटो कोर्सा हा गेम उभा कोन विचारतो, तिथे ३१ टाका. पहिले दोन दिवस दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटेल. पडदा आणखी जवळ आणता आला तर आणा, कोन वाढतो आणि तो खराही असतो.

मग फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंग हातांना देतं तो जोर. जी२९ची ताकद जेमतेम २ न्यूटन-मीटर. गेममधला गेन शंभरावर ठेवला की मोटर वेगवान वळणात छताला टेकते. टायर पकड सोडतोय की धरतोय, हातांना एकच जोर. याला क्लिपिंग म्हणतात. पडद्यावर फोर्सची पट्टी दिसते ती लावा आणि ती फक्त कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) लाल होईल इतका गेन उतरवा.

एवढं करून पैसे खर्चायचेच असतील तर पहिले लोड सेलच्या, म्हणजे दाब मोजणाऱ्या, ब्रेक पॅडलवर. पाय जोर लक्षात ठेवतो, अंतर नाही. पण मग खुर्चीची चाकं अडवावी लागतील, नाहीतर ब्रेक दाबताच तुम्हीच मागे जाल. ५ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस त्यानंतर, आणि तोही टेबल हलत नसेल तर. प्लायवूडच्या संगणक-टेबलाला तो लावला की टेबलच स्टिअरिंगबरोबर डुलतं.

वाशीहून: २०२६च्या फॉर्म्युला वनमध्ये गाड्या सरळ रस्त्याच्या शेवटी मंदावतात. इंजिनं बिघडलीत का?

नाही, हिशेबच तसा आहे. एमजीयू-एच (एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारी मोटर) गेलं, आणि एमजीयू-के (ब्रेकमधून वीज भरणारी आणि चाकांना जोर देणारी मोटर) १२० किलोवॉटवरून ३५० किलोवॉटवर गेलं. १.६ लिटरचं व्ही-सिक्स आता साधारण ४०० किलोवॉटचं, म्हणजे जवळपास अर्धा जोर विजेचा. पण बॅटरीतून एका दमात वापरता येणारी ऊर्जा ४ मेगाज्यूल. ४,००० भागिले ३५०, म्हणजे साडेअकरा सेकंदांत टाकी रिकामी. मोन्झासारख्या ट्रॅकवर एका फेरीत पूर्ण थ्रॉटलचा वेळ याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ब्रेकमधून वीज भरायची, वळणाआधी पाय उचलून भरायची, आणि कधी थ्रॉटल पूर्ण दाबलेला असतानाही इंजिनाचाच काही जोर बॅटरीकडे वळवायचा. तुम्हाला दिसतं ते मंदावणं बऱ्याचदा हे शेवटचं असतं. शिवाय नियमानुसार ताशी २९० किलोमीटरनंतर विजेचा जोर उतरत जातो आणि ३४५ला शून्य होतो. पुढच्या गाडीच्या एका सेकंदात असलेल्याला ओव्हरटेक मोड मिळतो, त्यात पूर्ण ३५० किलोवॉट साधारण ३३७पर्यंत टिकतात. ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडणाऱ्या डीआरएसच्या जागी हे आलं. पंख उघडणं आता ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर सगळ्यांनाच खुलं आहे.

आम्हाला हा प्रकार टीव्हीवर पाहण्यापेक्षा आकड्यांत जास्त रंगतदार वाटतो. शर्यत बघताना लाइव्ह टायमिंगमध्ये सरळ पट्टीवरचा कमाल वेग आणि त्याच्या शेवटचा वेग, दोन्ही बघत राहा. कोणी कुठे वीज संपवली ते समालोचकाच्या आधी कळेल.

ऐरोलीहून: रेसिंग गेममध्ये ब्लूटूथ इअरफोनवर इंजिनाचा आवाज मागून येतो, गिअर चुकतो. महागडे घेतले तर सुटेल का?

साध्या ब्लूटूथवर आवाज साधारण पाव सेकंदापर्यंत मागे राहतो. ताशी ३०० किलोमीटरने गाडी तेवढ्यात २० मीटर पुढे गेलेली असते. किमतीने हे फारसं बदलत नाही. तारेचा हेडफोन लावा, किंवा स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झ डोंगल असलेला हेडसेट घ्या आणि डोंगल यूएसबी-३च्या पोर्टपासून दूर, एक्स्टेंशन केबलवर ठेवा. त्या पोर्टचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात असतो.